अर्थिंगबाईंची तलवार

अर्थिंगबाईंचं खरं नाव त्यांच्या वायरमनच्या परवान्यावर आहे आणि तो परवाना कपाटात कपड्यांच्या घडीखाली आहे. त्यामुळे ते नाव कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकलं, की "कसे आहात" विचारायच्या आधी बाई विचारतात, "अर्थिंग दिलंय का?" एकदा चुलतसासूला बघायला दवाखान्यात गेल्या. सासूबाई कण्हताहेत आणि या खाटेमागचा प्लग खोलून बसलेल्या! नर्सनं हाताला धरून बाहेर काढलं. जाता जाता बाईंनी तिलाही सुनावलं, की तुमची अर्थची वायर नुसती आत कोंबलीय, कुठे जोडलेलीच नाही. आणि ती खरोखरच जोडलेली नव्हती, बरं का. तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

एकतीस वर्षं झाली बाईंना भिंती फोडताना. भाऊ वायरमन होता, तो शिडीवरून पडला, पाय मोडून घेतला आणि हातातलं एक घर अर्धवट राहिलं. घरमालक रोज दारात येऊन डोकं खायला लागला. शेवटी बाईंनीच भावाची पिशवी उचलली. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी खाटेवरच्या भावाला विचारायचं, की ही काळी वायर कुठे जाते नि ती लाल कुठे. असं करत करत चार खोल्या पुऱ्या केल्या. पहिलं बटण दाबलं आणि दिवा लागला, तेव्हा बाई एकट्याच त्या रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवत उभ्या होत्या. पुढे परीक्षा दिली, परवाना काढला. शिडीवर बाईमाणूस बघून लोक आधी हसले, मग घाबरले आणि पुढच्या कामाला त्यांनाच बोलवायला लागले.

पण बाईंचा जीव अडकला होता दुसरीकडेच. नाटकात!

गावात एक हौशी नाटकमंडळी आहे. तिचे दिग्दर्शक दिवसा कचेरीत जन्माचे आणि मृत्यूचे दाखले लिहितात आणि संध्याकाळी सहानंतर राजे-महाराजांना कसं चालायचं ते शिकवतात. माणूस वाईट नाही. पण ज्याला एकदा जिथे बसवलं त्याला तिथून हलवायचं नाही, ही त्यांची कचेरीतली सवय रंगमंचावरही सुटत नाही. बाई बारा वर्षांपूर्वी मंडळीत आल्या त्या नटी व्हायला. दिग्दर्शकांनी वर बघितलं, खाली बघितलं, कमरेचा टेस्टर बघितला आणि म्हणाले, "वा! लाइटचं बघणारं कुणीतरी हवंच होतं."

झालं. बारा वर्षांत बाईंनी दोनदा मोलकरीण केली, एकदा शेजारीण, एकदा पडद्यामागून ओरडणारी बाई आणि एकदा प्रेत. त्या प्रेताची गोष्ट तर गावभर झाली. पहिल्या अंकात बाई चादरीखाली मरून पडलेल्या, भोवती चारजण हंबरडा फोडताहेत आणि फटकन अंधार! दिग्दर्शक विंगेतून खुसफुसले, "बाई, बोर्ड बघा, बोर्ड!" बाई उठल्या. अंधारात जाऊन फ्यूज बसवला, पण परत येऊन आडवं व्हायच्या आतच उजेड आला, आणि प्रेक्षकांना दिसलं काय, तर प्रेत हातात पक्कड घेऊन परत येतंय. लोक दहा मिनिटं हसत होते. शोकनाटक होतं ते! बाई त्या रात्री रडल्या. आणि दिग्दर्शकांनी त्यांना पुन्हा रंगमंचावर उभं केलं नाही.

तर यंदा मंडळीनं एक ऐतिहासिक नाटक घेतलं. इतिहास सगळा दिग्दर्शकांनी स्वतःच रचलेला, तेव्हा त्यात चूक काढायची सोय नाही. त्यात एक म्हातारा सेनापती आहे. शेवटच्या अंकात शत्रूनं किल्ल्यातले सगळे दिवे विझवलेत, राणी हताश बसलीय, आणि तेवढ्यात सेनापती येतो, तलवार उपसतो आणि ती तलवार उजळते. त्या उजेडात त्याचं चाळीस ओळींचं भाषण. सेनापती करणारे भरघोस मिशांचे पोस्टमन होते, त्यांची बदली झाली. ती जागा रिकामीच, आणि त्यात प्रश्न तलवारीचा. दिग्दर्शकांनी बाजारातून एक खेळण्यातली आणली. हिरवी पेटायची आणि बटण दाबलं की "च्यूं च्यूं" करायची. राणी हसून हसून सिंहासनावरून खाली आली.

बाई शिडीवर बसून दिवा बदलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तलवार मी करते."

"करा की!" दिग्दर्शकांना हायसं वाटलं.

"पण हातात मीच धरणार."

सगळे वर बघायला लागले. दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"सेनापती?"

"भाषण मला पाठ आहे. बारा वर्षं मी सगळ्यांचीच भाषणं ऐकतेय, मला काय पाठ नाही ते विचारा." आणि शिडीवरूनच बाईंनी पहिल्या दहा ओळी म्हणून दाखवल्या. चांगल्या म्हटल्या. खोटं कशाला सांगू, पोस्टमनपेक्षा चांगल्या म्हटल्या.

दिग्दर्शक अडचणीत आले. नाही म्हणावं तर तलवार नाही, हो म्हणावं तर प्रेत आठवतंय. मग त्यांनी कचेरीतला तोडगा काढला: अट घातली. "रंगीत तालीम रविवारी तीन आठवड्यांनी. त्या दिवशी तलवार पेटली आणि भाषणभर पेटून राहिली, तर भूमिका तुमची. नाही पेटली तर तो प्रवेशच कापतो आणि तुम्ही आपल्या बोर्डापाशी. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. दिवा अर्धवट सोडूनच त्या शिडीवरून उतरल्या.

घरी आल्यावर त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. ते टेलर आहेत, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसतात. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "अगं, छपन्नाव्या वर्षी सेनापती? माणसं या वयात निवृत्त होतात."

"तुम्ही चिलखत शिवणार आहात की नाही, तेवढं सांगा."

"छातीचं माप दे," मास्तर म्हणाले.

पातं कशाचं करायचं, हा प्रश्न बाईंना पडलाच नाही. जळक्या एलईडी ट्यूबांचा ढीग गॅलरीत होताच. त्यातली एक उचलली, दोन्ही टोपणं काढली, आतलं सगळं ओढून टाकलं. उरली ती दुधी प्लॅस्टिकची हलकी नळी, ती तीन फुटांवर कापली. आत सरकवायला वायरिंगची केसिंग पट्टी आणि मुठीला भिंतीत पुरायचा, कन्सिलचा पाऊण इंची पाइप. मास्तर बघत होते. म्हणाले, "हे सगळं भिंतीतनं निघालेलं सैन्य दिसतंय."

आता दिवे. सुटे, मुगाच्या दाण्याएवढे एलईडी हवेत, आणि ते मिळतात रेडिओकाकांकडे. रेडिओकाका सत्तरीचे, त्यांच्या दुकानात शंभर खणांचं एक कपाट आहे आणि कुठल्या खणात काय ते एकट्या त्यांना ठाऊक. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, तरी काका तिथेच आहेत. वायरमन लोकांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नाही.

"बाई, तुमचं काम भिंतीतलं," ते वीस पांढरे दिवे मोजून पुडीत घालत म्हणाले. "छिन्नी-हातोड्याचं. दोनशे तीस व्होल्टला भीत नाही म्हणून तीन व्होल्ट जमतील, असं समजू नका. हे नाजूक काम असतं."

"काका, दिवा तो दिवा," बाई म्हणाल्या. इथेच त्या चुकल्या, पण ते पुढे कळेल.

बॅटरीसाठी त्यांनी आधी नऊ व्होल्टची चौकोनी घेतली. बघा ना, एवढीशी ती, पण नऊ! पेन्सिल सेल बिचारा दीड व्होल्टचा. बाईंनी आयुष्यभर व्होल्ट बघूनच मान दिलेला, तेव्हा त्यांना नऊच थोर वाटले. दिवे जोडले, लख्ख पेटले, बाईंनी भाषण सुरू केलं आणि सातव्या मिनिटाला सेनापतीची तलवार मलूल झाली. भाषण, मधलं राणीचं रडणं, सगळं मिळून अकरा मिनिटांचा प्रवेश. त्या चौकोनी डबीत दाब होता, दम नव्हता. चोवीस तास चालणाऱ्या मेनलाइनवर आयुष्य काढलेल्या बाईला सेलमधला माल संपतो हे आठवायला एक बॅटरी खर्ची पडली.

मग त्यांनी नीट विचार केला. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्ट लागतात. दोन पेन्सिल सेल म्हणजे बरोबर तीन, पण सेल जरासा उतरला की दिवे पिवळट. चार म्हणजे सहा, ते मुठीत मावत नाहीत आणि जादाचा दाब नुसता तापण्यात जाणार. तीन सेल म्हणजे साडेचार व्होल्ट, ते पाइपात एकामागे एक फिट्ट बसले. मेलेल्या विजेरीतली स्प्रिंग मागे लावली. वरचा दीड व्होल्ट खायला मध्ये एक जाडा रेझिस्टर टाकला, अख्ख्या तलवारीला मिळून एकच, खोलीला एक रेग्युलेटर असतो तसा. आणि वीस दिवे लावले कसे? घरात लावतात तसे! एक लाल वायर, एक काळी वायर, आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीनं वीसच्या वीस दिवे.

बटण दाबलं. अहाहा! दुधी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी उजळली, की मास्तर मशीन सोडून उठले. अर्धा तास पेटती ठेवली, ढिम्म हलली नाही. बाईंनी मास्तरांच्या गळ्याला तलवार लावली आणि विचारलं, "शरण येतोस की नाही?" मास्तर म्हणाले, "तीस वर्षं झाली येऊन."

इथवर दोन आठवडे सरले होते. सगळं छान चाललं होतं. आणि गुरुवारी दिग्दर्शकांचा फोन आला.

"बाई, एक सुचलंय. तलवारीचं टोक लाल हवं. राजाच्या रक्तात बुडालेली तलवार! सोपं आहे ना?"

"सोपंच," बाई म्हणाल्या. शुक्रवारी काम आटोपून येताना काकांकडून डझनभर लाल एलईडी आणले, त्यातले चार त्याच दोन वायरींवर टोकाला जोडले, नळी बसवली, बटण दाबलं.

अंधार. तीन फूट मिट्ट अंधार आणि टोकाला चार लाल डोळे वटारलेले.

"हे काय गं?" मास्तर म्हणाले. "सेनापती सिगारेट ओढतोय का?"

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी दहा वेळा बटण दाबलं. रेझिस्टरला बोट लावलं तर चटका बसला. सेल बदलले, तेच. शनिवारी सकाळी सगळी पट्टी बाहेर काढली. कुठे तार तारेला चिकटलीय का बघितलं, नव्हती चिकटलेली. एकेका दिव्याचा सांधा पुन्हा तापवला, तरी तेच. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे, बघता बघता एक लाल मेला, मग दुसरा, तिसरा, आणि चौथा मेला मात्र, लगेच वीसच्या वीस पांढरे झगझगीत उठून बसले! बाईंनी नवे लाल लावले. पांढरे पुन्हा गुडुप.

"लाल जिवंत तोवर हे पांढरे मेलेले आणि लाल मेले की हे जिवंत," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "सवती आहेत का काय एकमेकींच्या!"

"मग लाल नको म्हणून सांग ना दिग्दर्शकांना."

"आणि ते काय म्हणतील? 'बाई, जमत नाही ना, मग बोर्ड बघा.' त्यांना तेवढंच पाहिजे! अहो, तुम्हाला कळत कसं नाही? ही तलवार उद्या चारला पेटली नाही, तर मी मरेपर्यंत त्या विंगेत उभी राहणार. बारा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडलाय मी!" बाईंचा आवाज फाटला. बाईंनी वायरिंग सोडून सगळ्यावर संशय घेतला होता. वायरिंगवर कसा घेणार? एकतीस वर्षं, शेकडो घरं, सगळी अशीच जोडलेली, आणि सगळी अजून पेटताहेत.

दुपारी हताश होऊन त्या हात धुवायला उठल्या. हात सगळे सोल्डरच्या राळेनं चिकट झालेले. नळ उघडला, चार थेंब आले आणि बंद. बाईंचं टाळकं सणकलं. खिडकीतनं बघितलं तर तळमजल्यावरचा गाडीवाला पाइप लावून आरामात गाडी धूत होता.

"अहो गाडीवाले!" बाई तिसऱ्या मजल्यावरून कडाडल्या. "तुमचा नळ बंद करा आधी! तुम्ही खाली सोडून ठेवलाय, वर पाणी चढेल कसं?"

एवढं बोलल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. खालून गाडीवाला काहीतरी ओरडत होता. मास्तरांनी आतून विचारलं, "काय झालं गं?" बाई एकदम वळल्या, तशाच राळेच्या हातांनी मीटर उचलला आणि त्याच्या दोन सुया त्या दोन वायरींवर टेकवल्या. लाल दिवे जोडलेले असताना, दोन व्होल्ट आणि वर थोडंसं. कात्रीनं लाल तोडले. तीन!

"मास्तर!" बाई ओरडल्या. "लाल दिवा तळमजल्यावर राहतो! त्याला दोनच व्होल्ट लागतात, तो दोनलाच सगळं पिऊन टाकतो. पांढरे तिसऱ्या मजल्यावरचे, त्यांच्यापर्यंत दाब चढतच नाही! मी सगळ्यांना एकच नळ दिला हो!"

घरातला प्रत्येक दिवा एकाच दाबासाठी बनवलेला असतो, म्हणून कितीही दिवे शेजारी शेजारी लावले तरी कुणी कुणाच्या ताटातलं खात नाही. या मुगाच्या दाण्यांचं तसं नाही, त्यांच्यात रंगागणिक भूक वेगळी. तेव्हा ज्याचा त्याचा रेझिस्टर वेगळा हवा. बाईंनी मास्तरांच्या कापडाच्या खडूनं फरशीवरच हिशेब मांडला. साडेचारातून पांढऱ्याचे तीन गेले, उरले दीड. साडेचारातून लालचे दोन गेले, उरले अडीच. उरलेल्याला प्रवाहानं भागलं. आकडे आले, पायात चपला अडकवल्या आणि बाई निघाल्या.

रेडिओकाका दुकान बंद करायच्या बेतात होते. "वीस शंभर ओहमचे आणि चार दीडशेचे," बाई धापा टाकत म्हणाल्या.

काका थांबले. "लालला दीडशे? का बरं?"

"कारण त्याच्या वाट्याला अडीच व्होल्ट जास्तीचे येतात, पांढऱ्याच्या वाट्याला दीडच. एकेकाला आपापला."

काकांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. मग दोन खण ओढले, रेझिस्टर मोजले आणि खालच्या फळीवरून स्वतःची बारीक टोकाची सोल्डरिंग गन काढून पुडीवर ठेवली. ती त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती.

"तुमच्या त्या जाड्या गननं चोवीस सांधे व्हायचे नाहीत," काका म्हणाले. "ही न्या. कुणी सांगितलं हो तुम्हाला हे?"

"आमच्या गाडीवाल्यानं," बाई म्हणाल्या.

मग काय विचारता! मास्तरांनी पट्टीवर चोवीस खुणा अशा समान अंतरानं करून दिल्या, जणू शेरवानीची बटणंच लावायची होती. बाईंचं बोट भाजलं तेव्हा आपलं अंगुस्तान काढून त्यांच्या बोटात घातलं. भिंत फोडणारे हात ते, दिव्याचे केसाएवढे पाय त्यांच्यातून निसटायचे. सहा सांधे बिघडले, सहा पुन्हा केले. रविवारी सकाळी साडेदहाला शेवटचा सांधा थंड झाला. बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं आणि मास्तरांना विचारलं, "सांगा."

"उघड की डोळे," मास्तर म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले. तीन फूट पांढरंशुभ्र पातं आणि टोकाला लाल. रेझिस्टरला बोट लावलं, गार! बाईंनी स्वयंपाकघरात, गॅलरीत, जिन्यात जाऊन चाळीसच्या चाळीस ओळी म्हटल्या. गाडीवाल्यानंही ऐकल्या.

चार वाजता रंगीत तालीम सुरू झाली. खिडक्यांना काळे पडदे, सगळ्यांचे मोबाइल दारातल्या टोपलीत, दिग्दर्शक पहिल्या रांगेत वही घेऊन. मंडळीतले वीसेक जण, शिवाय त्यांच्या घरची माणसं, आणि शेवटच्या रांगेत कोपऱ्यात चक्क रेडिओकाका. बाई दिव्यांचं सगळं आधीच लावून देऊन, राणीचं काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याला बटणं समजावून, चिलखत घालून विंगेत उभ्या होत्या. एक गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यांना बजावली होती: मोठ्या दिव्यांच्या लाइनीवर दुसरं काही लावायचं नाही.

आणि राणीनं तिसऱ्या अंकाआधी शालू चुरगळला म्हणून इस्त्री लावली. लावली ती नेमकी त्याच लाइनीवर. राणी रंगमंचावर गेली, इस्त्री आपली स्वतःच्याच वायरीला टेकून तापत राहिली. शत्रूनं किल्ल्यातले दिवे विझवले, दिग्दर्शकांच्या योजनेप्रमाणे एक निळा दिवा तेवढा उरला, राणीनं पहिला हुंदका दिला, आणि खट्ट! निळा दिवा गेला, विंगेतला गेला, दारावरचा गेला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

राणी रडायची थांबली. कुणीतरी खुर्ची पाडली. आणि अंधारातून दिग्दर्शकांचा ओळखीचा आवाज आला, "बाई! बोर्ड! बघा जरा!"

बाईंचे पाय वळलेही होते. खरंच सांगते, दोन पावलं बोर्डाच्या दिशेनं गेल्यासुद्धा. एकतीस वर्षांची सवय ती. अंधार झाला की जगातली बाकी माणसं थांबतात आणि ही बाई चालायला लागते. तिसरं पाऊल उचललं आणि त्यांच्या मनात आलं, मी आता बोर्डापाशी गेले, तर उजेड येईल, सगळे "शाबास बाई" म्हणतील आणि सेनापती कुणाच्या लक्षातही राहणार नाही. राग आला त्यांना. दिग्दर्शकांचा नाही, स्वतःच्या पायांचा. त्या पायांना त्यांनी तिथेच वळवलं आणि रंगमंचावर पाऊल टाकलं.

"बाई, ऐकताय ना?"

बाईंनी तलवार उपसली आणि बटण दाबलं.

नाटकातला अंधार खोटा असतो, कुठून तरी उजेडाची फट असतेच. हा अंधार खरा होता, आणि त्यात ती तलवार अशी उजळली की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. पांढऱ्या उजेडात चिलखत चमकलं, राणीचा रडवेला चेहरा दिसला आणि बाईंचा दिसला. कपाळावर आठी, हनुवटी वर.

"कोण म्हणतं किल्ला पडला?" बाईंनी सुरुवात केली. "दिवे त्यांनी विझवले, राणीसाहेब. हात अजून आपलेच आहेत!"

ओळीमागून ओळ येत गेली. आवाज ना चिरकला ना अडखळला. राणी आता खरंच रडायला लागली, तिला अभिनय आठवेना. दिग्दर्शकांनी पुन्हा एकदा हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. अकरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. शेवटच्या ओळीला बाईंनी तलवार डोक्यावर धरली, तीन फूट पांढरी, टोकाला लाल, एकही दिवा कमी नाही. मागच्या कोपऱ्यातून रेडिओकाका टाळ्या वाजवत उठून उभे राहिले, आणि मग सगळेच. मास्तर टाळ्या वाजवायचं सोडून डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, चिलखत मी शिवलंय.

टाळ्या थांबल्या. वीज अजून आलेली नव्हती. आणणार कोण? सगळे दिग्दर्शकांकडे बघायला लागले. दिग्दर्शक उठले, खाकरले आणि रंगमंचाच्या कडेशी आले.

"भूमिका तुमची," ते म्हणाले. "तुमचीच होती, मलाच दिसलं नाही." मग जरा घुटमळले. बारा वर्षांत कधी विचारायची वेळच आली नव्हती. "बाई, तो... तो बोर्ड कुठे असतो हो आपला?"

"जिन्याखाली, डाव्या हाताला," सेनापती तिथूनच म्हणाले. "आधी इस्त्री काढा. आणि हात कोरडे आहेत ना, ते बघा."

दिग्दर्शक निघाले. वाट दिसावी म्हणून बाईंनी तलवार जराशी त्यांच्या बाजूला झुकवली. जागा मात्र सोडली नाही. अजून राणीचं उत्तर यायचं होतं.